आय-सेव्हन विकणाऱ्या काकांना खुलं पत्र

दुकानदारसाहेब,

माझा भाचा तुम्हाला काका म्हणाला होता. ‘काका, यात रेड डेड चालेल ना?’ असं त्यानं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘आय-सेव्हन आहे बेटा, काय वाट्टेल ते चालेल.’ माझी बहीण शेजारी स्टुलावर पर्स घट्ट धरून बसली होती. पर्समध्ये ४५ हजार रुपये होते. ३० हजार भिशीचे. बाकीचे पोराच्या ओवाळणीचे, आणि बारावीच्या सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून त्यानं कमावलेले.

२०२५ च्या दिवाळी पाडव्याला यंत्र घरी आलं. पोरानं हार घातला, बहिणीनं कुंकू लावलं. पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा पोरगं गप्प होतं. दीडशे जीबीचा गेम त्यानं रात्री जागून उतरवून घेतला होता आणि सुरुवातीच्या बर्फातच घोडा अडकत अडकत चालत होता. ‘मामा, माझंच काहीतरी चुकलं असेल,’ तो म्हणाला. साहेब, मी हे पत्र लिहितोय ते या वाक्यामुळे. फसवलं तुम्ही आणि चूक स्वतःची वाटली त्याला.

मी कॅबिनेट उघडलं, सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही आतले भाग ओळखणारी सॉफ्टवेअर लावून पाहिली. तुमचा आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन २६००. आय-सेव्हन हे घराण्याचं नाव झालं. माणूस कितव्या पिढीतला, ते पुढचा आकडा सांगतो. हा दुसऱ्या पिढीतला, जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला. तेव्हा माझा भाचा बालवाडीत होता. चार कोर, आठ थ्रेड. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१००एफ मध्येही चार कोर आणि आठ थ्रेडच आहेत, तरी तो या आय-सेव्हनला सहज मागं टाकतो, कारण मधल्या अकरा वर्षांत एकेका कोरची ताकद वाढली. पण बारावीच्या पोराला तीन लहान वाटतो आणि सात मोठा, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तुम्ही पहिला आकडा मोठ्यानं सांगता आणि दुसरा गिळता.

ग्राफिक्स कार्डाचंही तेच केलंत. ‘४ जीबी कार्ड’ एवढंच सांगितलंत. ते निघालं जीटी ७३०, २०१४ सालचं, डीडीआर३ मेमरीचं, ६४ बिटांचं. मेमरी ही टाकी धरली तर टाकीला नळही लागतो. या कार्डाच्या नळातून सेकंदाला १४.४ जीबी वाहतं, त्याहून जास्त नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ साठी किमान म्हणून जे कार्ड सांगितलेलं आहे, ते जीटीएक्स ७७०, २०१३ सालचं आणि अवघ्या २ जीबीचं. त्याचा नळ सेकंदाला २२४ जीबीचा. टाकी निम्मी आणि धार पंधरापट. पोरानं कार्डाचं पूर्ण नाव विचारलं असतं तर तुम्हाला घाम फुटला असता. त्यानं विचारलं नाही, कारण तो तुम्हाला काका समजत होता.

आणि हे तुमच्याकडून नकळत झालं असंही मी मानत नाही. पोरानं नाव घेतलं रेड डेडचं. तुम्ही दुकानात लावून दाखवलंत व्हॅलोरंट. साध्यासुध्या संगणकावर चालावा म्हणून हलका बनवलेला तो गेम. ६० फ्रेम मिळवायला बनवणाऱ्यांनी जे कार्ड सुचवलं, ते जीटी ७३०च. म्हणजे या कार्डावर काय चालतं आणि काय चालत नाही, याचा तुमचा अभ्यास उत्तम आहे. तो तुम्ही गिऱ्हाइकाच्या विरोधात वापरलात.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो एसएमपीएसचा, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. बाकीचे भाग कमी पडले तर गेम अडखळतो. हा भाग बिघडला तर मदरबोर्डही घेऊन जातो आणि कधी हार्ड डिस्कमधले फोटोही. डब्यावर ठळक अक्षरांत ५०० वॉट छापलंय. बाजूला बारीक अक्षरांचा तक्ता आहे, तो वाचायला मला मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठा करावा लागला. १२ व्होल्टच्या ओळीत १६ अँपिअर. बाराला सोळानं गुणा: १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांचं पोट याच ओळीवर भरतं. उद्या पोरानं पैसे जमवून आरएक्स ६६०० सारखं १३२ वॉटचं कार्ड आणलं आणि तुमचा ९५ वॉटचा आय-सेव्हन शेजारी असला, तर हिशेब २२७ वर जातो. कार्डाला वेगळी वायर लागते, तीही या डब्याला नाही. म्हणजे तुम्ही नुसतं जुनं यंत्र विकलं नाहीत. पुढं सुधारण्याची वाटही बंद करून विकलंत. आमच्याकडे श्रावणात दिवसातून तीनदा लाइट जाते-येते. त्या घरात तुम्ही कार्यक्षमतेचा ८० प्लस शिक्काही नसलेला, हातात घेतला तर रिकाम्या खोक्यासारखा लागणारा डबा बसवलात.

लाइटिंगमध्ये मात्र तुम्ही कुठं कमी पडला नाहीत. काचेमागं चार पंखे, सात रंग, सोबत रिमोट. त्या कॅबिनेटमध्ये खरोखर नवं असं तेवढंच होतं.

४५ हजारांत चांगलं यंत्र होत नाही, असं तुम्ही म्हणाल. होतं. हात राखून खर्च करावा लागतो, आणि नेमकं तेच सांगायला दुकानदार हवा असतो. पोराला म्हणायचं होतं, ‘बेटा, आत्ता कार्ड घेऊ नकोस. रायझन ५ ५६००जी घे, त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे आणि ते या जीटी ७३० पेक्षा जोरदार आहे. रॅम एका पट्टीत न घेता दोन पट्ट्यांत घे, म्हणजे वेग वाढेल. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा घे, साधं कॅबिनेट घे, उरलेले पैसे बँकेत ठेव आणि पुढच्या दिवाळीला कार्ड टाक.’ असं सांगणारे दुकानदार मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं, आपल्या मित्रांना घेऊन येतं. श्रीमंताचा पोरगा चुकीचा भाग काढून दुसरा टाकेल. ज्याला पाच वर्षांतून एकदाच घेता येतं, त्याच्या बाबतीत चुकीला जागाच नसते. तुम्ही नेमका त्यालाच गाठलात.

वर विंडोज १० टाकून दिलंत. मायक्रोसॉफ्टनं तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, पाडव्याच्या आदल्याच आठवड्यात. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि तुमचा आहे दुसऱ्या पिढीतला.

आता बिलाबद्दल. बहिणीनं बिल मागितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘ताई, पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील.’ ८,१०० रुपये वर द्यायची तिची ऐपत नव्हती, हे तुम्ही पर्सकडे बघून ओळखलंत. चिठ्ठीवर लिहिलंत, ‘गेमिंग फुल सेट – ४५,०००.’ एकाही भागाचं नाव नाही, सिरियल नंबर नाही. मी यंत्र घेऊन आलो तेव्हा तुम्ही तीच चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणालात, ‘यात कुठं लिहिलंय नवीन म्हणून?’

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काढून वाचा. जुना माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि विकलेल्या मालाचं बिल न देणं हीसुद्धा. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क पडत नाही आणि वकील सक्तीचा नाही. पंधरा दिवसांत यंत्र परत घेऊन बहिणीचे ४५ हजार द्या. नाहीतर मी स्वतः अर्ज घेऊन जाणार आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या आईबापांनो, या सुट्टीत पोरगं संगणकासाठी हट्ट धरेल. त्याला ओरडू नका, त्याच्याबरोबर दुकानात जा. प्रोसेसर, कार्ड, रॅम, एसएमपीएस, प्रत्येकाचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर पक्क्या बिलावर लिहून मागा. दुकानदार लिहायला तयार नसेल तर पैसे पर्समधून काढू नका, उठून बाहेर या.