अटारीचा नाका मूर्तिजापुरात

नवऱ्याजवळ नांदायचं तर बायकोजवळ पक्का कागद पाहिजे, हा नियम मान्यच असेल तर त्याची सुरुवात आपल्या वऱ्हाडातूनच व्हावी. अमरावतीच्या पोरानं अकोल्याची पोरगी केली आणि तिचे कागद जुळले नाहीत, की चला मूर्तिजापूर. तिथं रस्त्यावर फाटक टाकायचं. इकडून अमरावतीचे पोलीस, तिकडून अकोल्याचे, मधात बाई आणि तिची पेटी. सायंकाळी पाय आपटायची कवायत ठेवली तर भज्यांच्या गाड्याही चालतील.

अन् कागद जुळतात कोनाचे, राजेहो? शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नात सासरनं ठेवलेलं दुसरं, आधारवर ऑपरेटरनं टंकलेलं तिसरं. जन्मतारीख पाहाल तर अर्धं गाव 1 जूनला जन्मलेलं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनं उशिराच्या जन्मनोंदीचा अधिकार कोर्टातून तहसिलीत आला, तेव्हा लोकांनी अर्जांचे गठ्ठे टाकले. मग 2025 उजाडताच भाजपचे किरीट सोमय्या अकोला, अमरावती, अंजनगाव सुर्जीच्या वाऱ्या करून त्या गठ्ठ्यांत बांगलादेशी शोधू लागले. एसआयटी बसली, दाखले थांबले. ज्याची आजी दर्यापूरच्या पुढे कधी गेली नाही, तोही तिच्या जन्माचा पुरावा शोधत फिरू लागला.

हे झालं आपलं. आता पाकिस्तानच्या सीमेवरच्या खऱ्या अटारीचं पाहा.

22 एप्रिल 2025 ला पहलगामात दहशतवादी हल्ला झाला आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले. अमरावतीचा रामपुरी कॅम्प, अकोल्याचा सिंधी कॅम्प, या सिंधी वस्त्यांत कपाटं उघडून कागद निघाले. दीर्घ मुदतीच्या व्हिशावरचे हिंदू राहतील, असा दिल्लीचा खुलासा आला तेव्हा त्या घरांतला चहा पुन्हा गोड झाला. जम्मूतल्या सीआरपीएफच्या एका जवानाच्या घरी मात्र नाही. त्याची बायको सियालकोट भागातली. मे 2024 मध्ये व्हिडिओ कॉलवर निकाह, पुढं कमी मुदतीच्या व्हिशावर ती सासरी, मार्च 2025 मध्ये व्हिसा संपला, दीर्घ मुदतीचा अर्ज टेबलावर. तिला अटारीपर्यंत नेलं होतं. हायकोर्टाच्या आदेशानं परत आणलं. बायको वाचली, नोकरी गेली. 3 मे रोजी बडतर्फी: लग्न लपवलं, आणि व्हिसा संपल्यावरही तिला ठेवून घेतलं.

जवान म्हणतो, लपवलं कुठं? 31 डिसेंबर 2022 ला पहिलं पत्र दिलं, 30 एप्रिल 2024 ला मुख्यालयाची परवानगी आली. खरं-खोटं कोर्ट पाहील. पण त्याचं म्हणणं धरलं तर कागदाला सोळा महिने लागले. मूर्तिजापूरवरूनच जाणाऱ्या अमरावती–अकोला रस्त्याचा 75 किलोमीटर डांबरी पट्टा जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकून आपण गिनीज बुकात नाव नोंदवलं. गृह मंत्रालयाच्या फायली त्याच ठेकेदाराला द्या ना बाप्पा!

सुरक्षेची काळजी खोटी नाही. हाती देशाची बंदूक असलेल्याच्या घरात सीमेपलीकडचं माणूस येत असेल तर पोलिसांनी कसून चौकशी केलीच पाहिजे. पण ती लग्नाआधी, मुदतीत, आणि मग एकदाच हो की नाही. पुण्यात डीआरडीओच्या एका बड्या शास्त्रज्ञाला 2023 मध्ये एटीएसनं पकडलं. आरोप असा, की पाकिस्तानी हेर बाईला मोबाइलवरून गुपितं पुरवली. तिथं ना निकाह, ना व्हिसा. हेरगिरी करणारा वरिष्ठांकडं परवानगीचा अर्ज करत बसत नाही, एवढी अक्कल तर आपल्या पोलीस पाटलालाही असते.

अमेरिकेतही हेच. 2007 साली त्यांचा एक सैनिक इराकमध्ये बेपत्ता झाला, आणि इकडं त्याच्या कागद नसलेल्या बायकोला हाकलायचा खटला चालू. सरकारलाच लाज वाटली. तिला राहू दिलं.

आपला कायदा लाजत नाही. भारतीयाच्या जोडीदाराला नागरिकत्व मागायचं तर सात वर्षं इथं राहायला हवं. पण जुना व्हिसा संपला अन् नवा लटकला की ती ‘बेकायदा स्थलांतरित’, म्हणजे मागायचीही सोय नाही. त्या काळात मूल झालं तर बाप भारतीय असूनही तेही जन्मानं भारतीय नाही. क्लार्क दिवाळीच्या सुट्टीवर गेला, की लेकराचा देश गेला.

आमच्याकडं एक गृहस्थ वधू-वर मेळावे भरवतात. वावरवाल्याला पोरगी मिळत नाही, फौजीच्या बायोडाट्यावर मात्र उड्या पडतात. त्यांना म्हटलं, फॉर्मात एक रकाना वाढवा: मुलीचा व्हिसा.

‘‘मंग आधी कुंडली पाहाची का व्हिसा?’’

व्हिसाच पाहा म्हटलं. मंगळाची शांत करता येते.