गाडीतलं हवामान खातं

मराठी कुटुंब गाडीने प्रवासाला निघालं की स्टिअरिंग एकाच्या हाती असतं, पण एसीवर हक्क सगळ्यांचा. पुढे बसलेल्या काकांना उकडत असतं. मागे आत्याच्या कानात वारं शिरतं. मधल्या सीटवरच्याची काहीच तक्रार नसते, कारण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. मग काका तापमान थेट १६ वर नेतात. "अरे, लवकर गार तरी होऊ दे!"

या १६ वर आपली फार श्रद्धा. ज्या गाड्यांत ऑटो एसी असतो, तिथे तो आकडा म्हणजे कुठे थांबायचं याची सूचना असते, किती पळायचं याची नव्हे. उन्हात तापलेली गाडी २४ लावलं तरी सुरुवातीला तेवढ्याच जिवावर उदार होऊन गार होते. १६ लावल्याने ती फक्त थांबायचं विसरते आणि अर्ध्या तासाने आत्या शाल मागतात. खरी घाई असेल तर निघताना चारही काचा खाली करून आतली भट्टी आधी बाहेर घालवावी. ते फुकटात होतं म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

मुळात एसी थंडी बनवत नाही, उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. अजूनही रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए नावाचा वायू असतो. साध्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या पोटातल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब उतरवला की तो उकळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आपल्याच हवेतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि रेडिएटरपुढची कंडेन्सरची जाळी ती उष्णता रस्त्यावर सोडते. सिग्नलला शेजारच्या दुचाकीवाल्याच्या पायाला झळ लागते, तिच्यात आमच्या काकांचाही वाटा असतो. हा वायू बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तेव्हा गॅरेजमध्ये "गॅस संपलाय, भरून टाकू" असं ऐकलं की आधी विचारावं, गळतोय कुठून?

अर्थात तक्रार करण्याआधी पॅकार्डवाल्यांची आठवण ठेवावी. या अमेरिकन कंपनीने १९४० च्या मॉडेलांत कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्याने अर्धी डिकी खाल्ली होती आणि डॅशबोर्डवर कॉम्प्रेसर बंद करायचं बटणच नव्हतं. थंडी वाजली तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढायचा. आमच्या आत्या त्या गाडीत असत्या तर गाडी गावाबाहेर पडलीच नसती.

आताच्या ऑटो एसीला डोळे असतात. डॅशबोर्डवर काचेलगत एक काळा, बोटाच्या पेराएवढा फुगीर ठिपका दिसतो, तो ऊन मोजतो. मोकळी सपाट जागा दिसली की आपण तिथे गणपती बसवतो. मूर्ती नेमकी त्या ठिपक्यावर बसली की बाहेर वैशाख पेटलेला असतानाही गाडीला वाटतं, चला, ऊन उतरलं. देव सावली देतो हे खरं, पण इथे ती नको तिथे पडते. बाप्पांना चार बोटं बाजूला सरकवावं, त्यांची हरकत नसावी.

पण माझ्या मते या यंत्राची खरी कामगिरी उन्हाळ्यात नाहीच, ती जुलैत आंबोलीच्या घाटात. पाच माणसांचे श्वास, ओल्या छत्र्या, हातात वाफाळती कणसं, आणि "पावसाळ्यात कशाला एसी?" म्हणून तो बंद. वर ओलं वारं नको म्हणून बाहेरची हवा अडवणारं, वळलेल्या बाणाचं बटण दाबलेलं. तीन वळणांत समोरची काच दुधासारखी होते आणि शेजारचा फडकं घेऊन ती पुसत सुटतो. फडक्याने वाफ जात नाही, फक्त पसरते. हवेतलं पाणी काढायचं काम कूलिंग कॉइलचं. गार कॉइलवर ओल जमते आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकते. ते थेंब पाहून "काहीतरी गळतंय!" म्हणून अर्धी गाडी खाली उतरते, पण ते आपलेच श्वास असतात.

तेव्हा घाटात एसी लावाच. थंडी वाजली तर तापमानाची कळ खुशाल तांबड्याकडे फिरवा. हीटरला ऊब इंजिनच्या गरम पाण्यातून मिळते, त्यामुळे कोरडी आणि कोमट हवा एकाच वेळी येऊ शकते. बाणाचं बटण बंद ठेवा आणि झोत समोरच्या काचेवर सोडा. मात्र काच बाहेरून धुरकटली असेल तर ती एसीनेच अति गार केलेली असते. अशा वेळी गार झोत तिच्यावरून काढा आणि वायपर फिरवा.