भाऊजींचं हत्यार

भाऊजींच्या घरी मिठाई न्यायची असेल तर पुड्याची दोरी स्वतः सोडू नका. तो मान त्यांचा. "थांबा, थांबा," म्हणत ते पाय ताणतात, पँटच्या खिशात दोन बोटं घालून चाकू काढतात आणि आयुष्य जंगलात गेल्यासारखा चेहरा करतात. गेलं ते चंद्रपूरच्या एका कचेरीत, आवक-जावक विभागात.

निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलानं हा घडीचा चाकू धाडला. पातं अडीच इंच. सुरुवातीला तो भाऊजींना झेपेना. जड म्हणून नव्हे, हलका म्हणून! खिशात आहे की पडला, कळायचंच नाही. मग घडीघडी चाचपणं. पंगतीत चाचपलं, मयतीत चाचपलं. ताईनं एकदा पँटीसकट धुतलासुद्धा.

"पोलिसांनी धरलं तर?" ही काळजी वेगळीच. वकील शेजाऱ्यानं सांगितलं, परवाना लागतो ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला. भाऊजींनी लगेच पट्टी लावली. परवाना लागत नाही म्हणून खट्टू झालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मे महिन्यात आम्ही गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडे गेलो. (गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला, भाऊजी अजून 'आपलाच जिल्हा' म्हणतात.) तेंदूचा हंगाम. झाडाखाली ७०-७० पानांचे पुडे बांधणं चाललेलं. भाऊजी चाकू उघडून, दोर कापून द्यायला पुढं सरसावले. तोवर पुडे बांधणाऱ्या एका म्हाताऱ्यानं बांधायची साल दातानंच तोडली होती. खांद्याला कुऱ्हाड अडकवलेली, ती त्याच्या ध्यानातही नसावी. त्यानं चाकू हातात घेतला, उलटापालटा केला.

"कायले जी हे?"

"कापाले."

"काय कापाले?"

भाऊजींनी बराच विचार केला. "आंबा."

म्हाताऱ्यानं चाकू अदबीनं परत दिला.

त्यानंतर मात्र चाचपणं हळूहळू सुटलं. पाकिटं फोडणं, पेरू कापणं, ताईच्या ब्लाउजचा धागा तोडणं, हात आपोआप खिशात जाऊ लागला. चाकू आहे हेच ते विसरले. इतके, की मुलाकडे जायला निघाले तेव्हा नागपूरच्या विमानतळावर तो तपासणीत निघाला आणि तिथंच राहिला.

मला वाटलं, आता हळहळतील. दहा मिनिटांत फोन आला, मागं उद्घोषणा चाललेली.

"अरे, ऐकलं का? माझं हत्यार जप्त केलं!"