दोन पट्ट्यांचे मोजे

शाळेची सूचना स्पष्ट आहे. मोजे राखाडी, त्यावर दोन पट्टे, मरून वर आणि पिवळा खाली. पिवळा वर असलेले मोजे बाजारात निम्म्या किमतीला मिळतात, पण ते घालून आलेल्या मुलाचं भूमितीचं प्रमेय चुकतं, असं बहुधा सिद्ध झालं असावं.

बरोबर मोजे एकाच दुकानात मिळतात. सक्ती अजिबात नाही. परिपत्रकात तसं ठळक छापलंय, आणि त्याखालीच दुकानाचा पत्ता, वेळ आणि 'सुटे पैसे आणावेत'.

खरी कसोटी आठवीपासून. तिथे मुलांना फुल पँट लागते आणि पट्टे तिच्याखाली गडप होतात. आता न दिसणाऱ्या शिस्तीचं करायचं काय? म्हणून पी.टी.चे सर सकाळी सात वाजता फाटकात उभे राहतात आणि पोरं पँट वर खेचून, एका पायावर लंगडत, पट्टे दाखवत आत शिरतात. बाहेर धो धो पाऊस. काळे चामडी बूट रिक्षात बसायच्या आधीच गच्च भिजलेले. पावसाळी चपला चालत नाहीत, त्या शाळेला शोभत नाहीत. बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या चालतात, कारण त्या मोज्याच्या आत असतात. मग वर्गात साठ जणांच्या ओल्या मोज्यांचा जो वास सुटतो, त्यात बाई कविता शिकवतात. त्या माउलीचा उल्लेख कुठल्याही परिपत्रकात नाही.

गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद मिटतो म्हणे. मिटतो की! रिक्षावाल्याच्या आणि बंगलेवाल्याच्या खिशातून शाळा अगदी सारखीच रक्कम काढते. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेतल्या पोराच्या दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये धरतात. शर्ट, पँट, शिलाई, सगळं त्यातच बसवायचं. इथे तेवढे टाय, पट्टा आणि मोज्यांतच उडतात, कापडाला अजून हातही लागलेला नसतो. आणि टाय तरी कसला, मागे इलॅस्टिक! जूनच्या दमट हवेत लेकराच्या गळ्याला फास लावायचा आणि त्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणायचं. म्हणणारे विश्वस्त स्वतः बुशशर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून पंख्याखाली बसलेले. घाला ना तुम्ही टाय!

यंदा पिवळ्याच्या जागी नारिंगी आलाय, म्हणजे थोरल्याचे मोजे धाकट्याला चालायचे नाहीत. फक्त दुकानात पिवळ्यांचा ढीग शिल्लक आहे, म्हणून पाचवी ते सातवीला शिस्त तूर्त पिवळीच ठेवलीय. माल संपला की तीही बदलेल.