कपातीचा मानपान

अमेरिका आणि रशिया यांच्यात अण्वस्त्रकपातीचा करार होणे अवघड असते, हा एक गैरसमज आहे. एकमेकांची राजधानी अर्ध्या तासात बेचिराख करण्याची सोय दोघांकडेही असली, की बोलण्यात आपोआप मार्दव येते. खरी परीक्षा पुढे असते. सही झालेला करार घेऊन घरी जायचे असते.

बराक ओबामा आणि दिमित्री मेदवेदेव यांनी 8 एप्रिल 2010 रोजी प्रागमध्ये ‘न्यू स्टार्ट’वर सह्या केल्या. तैनात अण्वस्त्रे 1550 आणि ती वाहून नेणारी तैनात क्षेपणास्त्रे व बॉम्बर विमाने मिळून 700, अशी मर्यादा ठरली. वाटाघाटींना सुमारे वर्ष लागले. ते वर्ष शत्रूशी बोलण्यात गेले, म्हणून बरे गेले. मग गाठ पडली सिनेटशी. अमेरिकी राज्यघटनेप्रमाणे कराराला उपस्थित सदस्यांपैकी दोनतृतीयांश मते लागतात. शंभरच्या शंभर हजर असतील तर 67. म्हणजे 34 जण अडून बसले की खेळ खलास. एवढ्या माणसांत अमेरिकेला अडवून धरील असे सैन्य रशियाकडेही नाही.

लग्न ठरते, हॉल मिळतो, आणि मुलाचे सख्खे काका पत्रिकेत नाव खाली छापले म्हणून रुसून बसतात. 2010 साली हा मान अ‍ॅरिझोनाचे सिनेटर आणि रिपब्लिकन पक्षाचे प्रतोद जॉन काइल यांच्याकडे होता. काकांचा कराराला थेट विरोध नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच, की अण्वस्त्रे कमी करायची तर उरलेली तरी धडधाकट हवीत आणि ती बनवणारे कारखाने जुने झाले आहेत. प्रशासनाने त्यासाठी दहा वर्षांत 80 अब्ज डॉलर खर्चायचे कबूल केले. काका हसले नाहीत. नोव्हेंबरात रक्कम आणखी चार अब्जांहून अधिक वाढवली, बेरीज 85 अब्जांच्या घरात नेली, आणि अधिकारी खास अ‍ॅरिझोनाला जाऊन समजूत काढून आले. त्यानंतर काही दिवसांतच काकांनी जाहीर केले, की यंदा काही जमेलसे दिसत नाही. अखेर मतदान झाले तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले. आहेर ठेवून घेतला, जेवायला मात्र बसले नाहीत.

तोवर डिसेंबर उजाडला होता. नाताळच्या तोंडावर एवढे कामकाज काढणे म्हणजे ख्रिस्ती धर्मीयांच्या पवित्र सणाचा अनादर, अशी तक्रार काइल यांनी केली. साउथ कॅरोलायनाचे जिम डेमिंट यांनाही हाच सल होता. शिवाय अख्खा करार सभागृहात मोठ्याने वाचून दाखवावा असा त्यांचा आग्रह होता, तो पुढे त्यांनी सोडला. श्रद्धेचा प्रश्न नाजूक असतो, हे मान्य. माँटाना, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंगच्या जमिनीखाली क्षेपणास्त्रांच्या किल्ल्या सांभाळणारे अधिकारी नाताळच्या रात्रीही कामावर असतात. त्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्याचे मात्र ऐकिवात नाही. क्षेपणास्त्रे वाढवायला मुहूर्त लागत नाही, कमी करायलाच लागतो.

सिनेटर जॉन मॅकेन यांचे दुखणे कराराच्या प्रस्तावनेत होते. तिथे क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणाचा उल्लेख आहे, तो काढा, असे ते म्हणाले. प्रस्तावना कोणावर बंधनकारक नसते. पण तिच्यातला एक शब्द हलवला तरी कागद पुन्हा मॉस्कोला पाठवावा लागला असता, आणि सूचनेची सारी गोडी त्यातच होती. 37 विरुद्ध 59 मतांनी ती फेटाळली गेली.

मार्ग निघाला तो टेनेसीतून. तिथल्या ओक रिज गावात बॉम्बसाठी युरेनियमवर प्रक्रिया होते आणि नवा कारखाना व्हायचा होता. पैसे नक्की मिळतील असे पत्र राष्ट्राध्यक्षांनी लिहून दिले. टेनेसीचे लमार अलेक्झांडर यांना लगेच पटले, की हा करार झाला तरी हल्लेखोराला थेट परलोकी धाडण्याइतकी अण्वस्त्रे देशाकडे उरतात. निःशस्त्रीकरणाच्या बाजूने इतका प्रामाणिक युक्तिवाद क्वचितच झाला असेल. 22 डिसेंबरला 71 विरुद्ध 26 मतांनी करार मंजूर झाला. होकार देणाऱ्यांत 13 रिपब्लिकन होते, आणि त्यांत टेनेसीचे दोन्ही सिनेटर.

आता कपात म्हणजे काय, तेही पाहून घ्यावे. क्षेपणास्त्रावरून उतरवलेले अण्वस्त्र मोडलेच पाहिजे अशी कराराची अट नव्हती. ते कोठारात नेऊन ठेवले की हिशेबातून गेले. बी-52 विमान वीस क्रूझ क्षेपणास्त्रे नेऊ शकते, पण मोजताना एका विमानाचे एकच अण्वस्त्र धरायचे. एवढे करूनही जमिनीतली 50 क्षेपणास्त्रे उतरवणे भाग पडले, तेव्हा तळ असलेल्या राज्यांचे सिनेटर धावून आले. मोकळे झालेले 50 खंदक बुजवायचे नाहीत, केव्हाही क्षेपणास्त्र बसवता येईल असे सज्ज ठेवायचे, असे ठरले. रिकाम्या खंदकांची निगा राखायलाही माणसे लागतात, आणि माणसांना मते असतात.

ओबामांच्या वाट्याला जे आले ते नवे नव्हते. 1979 साली जिमी कार्टर यांनी व्हिएन्नात सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्याबरोबर ‘साल्ट-2’ या अण्वस्त्रकरारावर सही केली. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष फ्रँक चर्च कराराच्या बाजूचे. पण आयडाहोत त्यांची निवडणूक जवळ आली होती आणि ते मवाळ असल्याची बोंब उठली होती. त्यांनी क्यूबात सोव्हिएत ब्रिगेड असल्याची खबर जाहीर केली आणि ती हटेपर्यंत करार पुढे सरकणार नाही असे बजावले. ब्रिगेड तिथे 1962 पासूनच होती, हे मागाहून उघड झाले. मग सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि करार बासनात गेला. 1980 मध्ये चर्चही पडले.

मंजुरी न मिळालेला हा ‘साल्ट-2’ दोन्ही देशांनी 1986 पर्यंत बहुतांशी पाळला. उलट 1993 च्या ‘स्टार्ट-2’ला 1996 मध्ये सिनेटने 87 विरुद्ध 4 मतांनी मान्यता दिली. इराक आणि कोसोव्होवरच्या बॉम्बफेकीचा राग काढत काढत रशियन ड्यूमाने 2000 साली दिली. तो कधीच लागू झाला नाही. अमेरिका 13 जून 2002 रोजी क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणाबाबतच्या करारातून बाहेर पडली, आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने ‘स्टार्ट-2’ सोडून दिला. यावरून मंजुरीचा आणि पालनाचा संबंध काय, हे सूज्ञांनी ताडावे.

सिनेटचा हा खेळ आपणही लांबून पाहिला आहे. पोखरणच्या 1998 च्या स्फोटांनंतर अणुचाचणीबंदी करारावर सही करा, असा धोशा वॉशिंग्टनने भारतामागे लावला होता. 13 ऑक्टोबर 1999 रोजी अमेरिकी सिनेटनेच तो करार 48 विरुद्ध 51 मतांनी नाकारला. दिल्लीत त्या दिवशी कोणी पेढे वाटले नाहीत, एवढा संयम आपण दाखवला.

‘न्यू स्टार्ट’चे पुढे काय झाले? 2021 मध्ये त्याला पाच वर्षांची वाढ मिळाली. फेब्रुवारी 2023 मध्ये पुतिन यांनी रशियाचा सहभाग थांबवला. कराराची मुदत 5 फेब्रुवारी 2026 पर्यंतच होती. आहेराला मात्र मुदत नव्हती. नव्या पाणबुड्या, नवी बॉम्बर विमाने, नवी क्षेपणास्त्रे आणि जुन्यांची देखभाल धरून तीस वर्षांचा खर्च 1.2 लाख कोटी डॉलर होईल, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने 2017 मध्ये दिला.

तेव्हा निःशस्त्रीकरणवाद्यांना आमची नम्र सूचना. वाटाघाटींसाठी जिनीव्हाला जाणे बंद करावे. टेक्सासमधल्या अमारिलोजवळ पँटेक्स नावाचा कारखाना आहे, तिथे अण्वस्त्रे जोडतातही आणि सुटीही करतात. त्यातला सुटी करण्याचा विभाग तेवढा घ्यावा आणि 34 राज्यांत एकेक काढावा. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर, म्हणजे 68 मते झाली. लागतात 67. एक मत रुसणाऱ्या काकांसाठी शिल्लक. कपातीचे करार मग धडाधड मंजूर होतील, नाताळच्या दिवशीसुद्धा. अडचण आलीच तर काही वर्षांनी येईल. मोडायला बॉम्ब संपतील, 34 राज्यांतले कामगार घरी बसण्याची वेळ येईल, आणि त्यांच्या पोटापाण्यासाठी नवे बॉम्ब बनवण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे येईल. त्याला दोनतृतीयांश मते लागणार नाहीत.