बजेट पंचवीस हजार, पट्टी काळी एक

आमच्या सासऱ्यांची मुदत ठेव एप्रिलमध्ये पिकली. मुद्दल त्यांनी तसंच पुन्हा ठेवलं, आणि व्याजातले 25,000 रुपये माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "जावईबापू, घरात स्टुडिओ करायचाय. यात बसवा."

मला सांगण्याचं कारण, मी कॉम्प्युटरमध्ये आहे. प्रत्यक्षात मी एका कंपनीचं पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण कॉम्प्युटरमधल्या जावयाला प्रिंटर, गीझर, पासपोर्टचा फॉर्म आणि ध्वनिमुद्रण हे सगळं यायलाच हवं, अशी सासुरवाडीची समजूत आहे. सासरे नोकरीभर बँकेच्या स्नेहसंमेलनात नाट्यगीतं गात आले. शाखा बदलल्या, मॅनेजर बदलले, गाणी बदलली नाहीत. आता ती नातवंडांसाठी जपून ठेवायची आहेत. नातवंडांचं मत अजून कोणी घेतलेलं नाही.

भाच्याने लगेच बिली आयलिशचं नाव काढलं. 2020 साली ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट अल्बम ठरलेली तिची गाणी लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरी, भावाच्या बेडरूममध्ये तयार झाली. "म्हणजे भाडं नाही," सासऱ्यांनी पहिली नोंद घेतली. मी ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' पुढे केला. 1982 सालचा तो अल्बम त्याने घरी बसून, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला. पण ज्यांची गाणी आपण कधी ऐकली नाहीत, त्यांच्या काटकसरीवर सासऱ्यांचा विश्वास बसेना.

शेवटी गायिका गौहर जान मदतीला आली. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि हॉटेलातच तात्पुरता स्टुडिओ मांडून तिचं गाणं मुद्रित करायला बसला. माईक नव्हताच, विजेवरचं ध्वनिमुद्रण यायला 1925 उजाडलं. गायिकेने कर्ण्याच्या तोंडाशी वाकून जोरात गायचं, साधारण तीन मिनिटांत सगळा राग उरकायचा आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायचं. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला निघायच्या, तिथल्या कारागिरांना लेबलवर काय लिहायचं ते कळायला नको? हे ऐकून सासरे गंभीर झाले. "तीन मिनिटांत आमचा नुसता खाकरा होतो," ते म्हणाले. मात्र हॉटेलच्या खोलीत जमलं ते आपल्या दिवाणखान्यात का जमू नये, हे त्यांना पटलं.

गैसबर्गचं हॉटेलात जमलं, कारण त्याच्या कर्ण्याला फारसं ऐकूच यायचं नाही. खालच्या रस्त्यावरून घोडागाडी गेली काय नि दारावर फेरीवाला ओरडला काय, त्याच्या मेणाच्या तबकडीला पत्ता नसे. हल्लीच्या माईकचं तसं नाही.

भाच्याने मित्राकडून एक कंडेन्सर माईक आणला. देखणा, सोनेरी जाळीचा, स्प्रिंगांच्या झोळीत लटकणारा. मोठमोठ्या स्टुडिओंत हाच असतो, त्यामुळे सासऱ्यांचं प्रथमदर्शनी प्रेम बसलं. त्याला 48 व्होल्ट लागतात म्हटल्यावर ते जरा मागे सरकले. "ओठ लागला तर?" मी सांगितलं की ही वीज वायरीतून माईकच्या पोटापर्यंत जाते, करंट अगदी किरकोळ असतो, गायकापर्यंत काही येत नाही. तरी पहिलं कडवं ते हातभर लांबूनच गायले.

मग आम्ही ऐकायला बसलो. गाणं होतंच. शिवाय भिंतीवरचं घड्याळ होतं, फ्रीजची घरघर होती, कचऱ्याच्या गाडीचं गाणं होतं (पट्टी वेगळी), भंगारवाला होता, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची होती, आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी सासूबाई फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, "गातायत. हो, अजून." सासऱ्यांनी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा ऐकला.

कंडेन्सरचा पातळ पडदा फार हळवा असतो. बंदोबस्त केलेल्या खोलीत तो गुण, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तोच उपद्रव. म्हणून मी डायनॅमिक माईकचा आग्रह धरला. त्यात चुंबकाशेजारी हलणारं तारेचं वेटोळं असतं, बाहेरची वीज लागत नाही, आणि तोंडाजवळ जे चाललंय त्यापलीकडे तो फारसा लक्ष घालत नाही. शुअर कंपनीचा एसएम 58 हा 1966 पासूनचा माईक तुम्ही प्रत्येक गणेशोत्सवात पाहिला आहे, निदान त्याची हुबेहूब नक्कल तरी. "हा तर सत्यनारायणाच्या पूजेतला!" सासरे नाराज झाले. मी म्हटलं, तो मुळात स्टुडिओसाठीच केला होता, स्टेजवाल्यांनी पळवला. मूळ हक्कदाराला परत मिळतोय म्हटल्यावर बँकवाल्याचा विरोध मावळला.

या माईकची आणखी एक खुबी म्हणजे समोरचं ऐकायचं आणि पाठीमागचं सोडून द्यायचं. तेव्हा घरातला जो कोपरा सगळ्यात जास्त आवाज करतो, त्याच्याकडे माईकची पाठ हवी. आमच्याकडे तो कोपरा म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांचं स्वयंपाकघर. माईकची पाठ स्वयंपाकघराकडे केली की गायकाचं तोंड आपोआप स्वयंपाकघराकडे होतं. सासरे आता ओट्याकडे बघत आर्त आळवणी करतात, आणि सासूबाईंना प्रत्येक समेवर वाटतं की चहा मागतायत. त्या बाहेर येऊन "साखर टाकू का?" विचारतात. तोही प्रश्न दोन गाण्यांत उत्तम रेकॉर्ड झाला आहे, कारण तो त्यांनी माईकच्या पुढून विचारला.

खोलीच्या बाबतीत ज्याला त्याला एकच उपाय माहीत असतो: अंड्यांचे ट्रे. भिंतीवर ट्रे ठोका, झाला स्टुडिओ. या ट्रेंनी वरचे सूर थोडेफार विखुरतात, पण बाहेरचा आवाज काडीभर अडत नाही. पुठ्ठा तो किती अडवणार? ही शास्त्रीय बाजू मांडायची वेळच आली नाही. "सदाशिव पेठेत आपल्या भिंतीवर अंड्यांचे ट्रे?" एवढं म्हणून सासूबाईंनी विषय संपवला.

आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. खोलीतली भिंतींवरून परतणारी झणझण घालवायची तर जाड, सच्छिद्र, मऊ काहीतरी हवं, आणि ते मराठी घरात वडिलोपार्जित असतं. आम्ही गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टांगल्या, भिंतीला कापसाची गादी उभी केली आणि सासूबाईंचं साड्यांचं कपाट सताड उघडं ठेवलं. खोलीचा नूरच पालटला. खर्च शून्य. मात्र कपाट उघडं राहिल्याने कोणती साडी किती वर्षं नेसलेली नाही, याचा हिशेब सासऱ्यांसमोर आला आणि एक सकाळ रेकॉर्डिंगविना गेली.

अडवण्याचं मात्र घरच्या घरी जमत नाही. त्याला वजन लागतं. गोधडी तुतारी मऊ करील, ढोल नाही; खालचे सूर भिंतीतून चालत येतात. गणपतीच्या आधी दोन महिने संध्याकाळी नदीकाठी पथकांचा सराव सुरू झाला की पुण्यातला घरगुती स्टुडिओ बंद. त्यावर बाजारात काहीही मिळत नाही, आणि मिळतं असं सांगणारा तुम्हाला फोम विकत असतो.

खरेदीसाठी आम्ही तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या काउंटरवर शुद्ध तांत्रिक भाषेचा उपयोग नाही. माईकची तीन टाचण्यांची पिन म्हणजे कॅनन, गिटारची जाडी पिन म्हणजे पी-थर्टीएट. हे दोन शब्द बोललात की भाव जरा खाली येतो. दुकानदाराने सासऱ्यांना नीट न्याहाळून विचारलं, "काका, लग्नाच्या ऑर्डरी घेता का?" सासरे दोन दिवस खुशीत होते.

माईक आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची डबी लागते. एका माईकसाठी एका कॅननची साधी डबी पुरते. आठ माईकची डबी घेणारे लोक सात भोकांकडे बघत म्हातारे होतात. ही डबी आवाजाची सेकंदाला 44,100 वेळा नोंद घेते, हे मी सासऱ्यांना सांगितलं. ते चमकले. आणि 24 बिटला ठेवली तर प्रत्येक नोंद सुमारे 1 कोटी 67 लाख पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते, म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून डबी हातात घेतली. "आणि टॅली होतं?" होतं म्हटलं. डबीबद्दल त्यांना तेव्हापासून सहकाऱ्यासारखा आदर आहे.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्यावेत, नाहीतर त्यातला तानपुरा गळून माईकमध्ये शिरतो. पुढे जाऊ.

आता वेळेचा प्रश्न. सासरे हेडफोनमध्ये मोबाईलवरच्या ॲपचा तबला ऐकत गाऊ लागले आणि स्वतःचाच आवाज त्यांना किंचित उशिरा ऐकू येऊ लागला. ते थांबले. "तबलजी पळतोय," म्हणाले. तबलजी सॉफ्टवेअर होता. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे साठवून मग पुढे सोडतो. तुकडा 128 नोंदींचा असेल तर 3 मिलिसेकंदांचा उशीर, 2048 चा असेल तर 46 मिलिसेकंदांचा, शिवाय जाण्यायेण्याचा वेगळा. बहुतेक डब्यांवर थेट ऐकण्याची सोय असते, तिने आवाज कॉम्प्युटरचा वळसा न घेता कानात येतो. ते बटण दाबलं. तबलजी सुधारला. सासऱ्यांच्या मते, रागावल्यामुळे.

सगळ्यात नाजूक प्रकरण विजेचं झालं. रेकॉर्डिंगच्या मागे एक बारीक घूं ऐकू येत होती. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. अर्थिंग कच्चं असलं किंवा चार्जर खोडकर असला की तेच हेलकावे आणि त्यांची पटीतली भावंडं आवाजात उतरतात. पेटीवर शोधलं तर हा सूर पांढरी पाचच्या जवळ, थोडा चढा. सासऱ्यांची पट्टी काळी एक. त्या षड्जाने पाहिलं तर भिंतीतली वीज तीव्र मध्यमाला धरून बसलेली! भूपाला मध्यम वर्ज्य. म्हणजे सासरे भूप मांडायला लागले की वीज त्यांना यमनकडे ओढायची. इतकी वर्षं मैफलीत आपला भूप का घसरायचा, याचा उलगडा झाला, असं त्यांनी नातेवाईकांना कळवलं आहे. मी लॅपटॉपचा चार्जर काढला, तो बॅटरीवर चालवला, घूं गेली. पंखाही बंद करावा लागतो. मे महिन्यात विलंबित ख्याल टाळावा.

सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालवू नका, निदान सुरुवातीला. 'ऑडॅसिटी' फुकट आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1999 मध्ये ती सुरू झाली, आणि एक गायक नि एक तानपुरा एवढ्यासाठी ती पुरून उरते. पुढे तबला वेगळा, पेटी वेगळी असे थर रचायचे असतील तर 'रीपर' घ्या. ते 60 दिवस पूर्णपणे वापरून बघता येतं, मग घरगुती वापराचा परवाना 60 डॉलरला. मुदत संपली तरी ते बंद पडत नाही, फक्त उघडताना पैशांची आठवण करून देतं. भाचा म्हणाला, मग द्यायचे कशाला? शिवाय भारी सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत आहेच. सासऱ्यांनी त्याच्याकडे जन्मभर थकबाकीदारांकडे पाहिलं तसं पाहिलं आणि साठाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली.

या सॉफ्टवेअरमध्ये घुमाऱ्याची मोह पाडणारी खिडकी असते: छोटी खोली, सभागृह, चर्च. सासरे सध्या सगळं चर्चमध्ये गातात. सूर सरळ करणारं ऑटोट्यून मात्र मी घरात येऊ दिलं नाही. ते 1997 मध्ये काढणारे अँडी हिल्डेब्रँड आधी भूगर्भातल्या लहरींवरून तेल शोधण्याच्या कामात होते. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण ते यंत्र ठरलेल्या नियमाने सुराला जवळच्या स्वराच्या घरात नेऊन बसवतं, आणि आपली मींड तर दोन घरांच्या मधल्या गल्लीतच राहते. "माझा एखादा सूर लागला नाही तर तो माझा लागला नाही," असं सासरेच म्हणाले. त्या वाक्यावर सासूबाई पहिल्यांदा "वा" म्हणाल्या. तेव्हा रेकॉर्डिंग चालू नव्हतं.

माईक, डबी, हेडफोन, स्टँड, कॅननची वायर आणि 'भ'-'फ'चे फटके अडवणारी कापडी जाळी एवढं घेऊन पैसे उरले. 'फ'ची जाळी तेवढी विसरू नका. आपल्या भाषेत महाप्राण फार आणि नाट्यगीतांत तर जास्तच. उरलेल्या पैशांत भाच्याला दुसरा माईक हवा होता. सासूबाईंनी त्याऐवजी रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून शिट्टी न वाजणारा विजेचा राइस कुकर आणवला. त्या सकाळपासून एकही गाणं अर्ध्यावर थांबलेलं नाही. तुम्ही घरी स्टुडिओ करणार असाल तर आधी तो घ्या, माईक दिवाळीला घेतला तरी चालेल.