भिंतीला नंबर नव्हता

आमच्या ज्ञानूला ड्रोन उडवायचं लायसन काढायचं होतं, आणि घोडं अडलं ते नावावर. आधार कार्डावर तो डी-एन-वाय वाला ज्ञानेश्वर, तर दहावीच्या मार्कशीटवर जी-वाय वाला. घरात आळंदीचा ज्ञानेश्वर, शाळेच्या रजिस्टरात ग्यानेश्वर. मध्य प्रदेशातल्या मोहगावात यात नवल काही नाही. आमच्या गावचं दैवतच अर्धनारीश्वर, तर माणसांनी तरी अख्खं का असावं? आम्ही भांडतो मराठीत आणि अर्ज करतो हिंदीत.

त्यात पत्त्याची भर. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला. आम्ही जागचे हललो नाही, जिल्हाच आमच्या पायाखालून सरकला. निम्म्या कागदांवर छिंदवाडा, निम्म्यांवर पांढुर्णा. "काका, ड्रोन राहिला बाजूले, मीच हवेत लटकलो," ज्ञानू म्हणाला.

मी रिटायर मास्तर. कुणाचाही अर्ज दिसला की माझे हात शिवशिवतात. त्यामुळे नियमांचा कागद चष्मा लावून मीच वाचायला घेतला. पहिलाच धक्का असा, की लायसन नावाची गोष्ट आता नाहीच. २०२१ च्या ड्रोन नियमांत ती होती. पुढच्याच वर्षी परवाना गेला आणि प्रमाणपत्र आलं. गावात अर्थात अजून लायसनच म्हणतात. कायदा बदलायला दिल्लीची सही पुरते, शब्द बदलायला पारावरच्या मंडळींची लागते.

दुसरं कळलं ते आणखी गमतीचं. या प्रमाणपत्रासाठी आधी पासपोर्ट लागत असे. म्हणजे आपल्याच वावरात, आपल्याच तुरीवर फवारणी करायची तर विलायतेला जायची तयारी हवी! मोहगावाहून सौसरला जायला आम्ही अजून बंडी जुंपू शकतो. २०२३ च्या सप्टेंबरात ती अट काढली आणि मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड चालेल असं ठरलं. रेशनकार्डावर गहू मिळत होता, तांदूळ मिळत होता. आता थोडं आकाशही मिळू लागलं.

ड्रोनचे वर्ग वजनावर पाडलेले आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा नॅनो, म्हणजे आमच्या बागेतली दोन बरी संत्री. दोन किलोपर्यंतचा मायक्रो, म्हणजे गावरान कोंबडा. हौस म्हणून हे दोन उडवायचे तर प्रमाणपत्राची गरज नाही. त्यापुढे पंचवीस किलोपर्यंत स्मॉल, दीडशेपर्यंत मीडियम, आणि त्याहून जड तो लार्ज. नॅनो सोडून सगळ्यांना विमा. प्रत्येकाला गाडीसारखा नंबर.

हे वाचताना मला ज्ञानूच्या नावाच्या मूळ मालकाची आठवण झाली. चांगदेव वाघावर बसून भेटीला आले तेव्हा चारही भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली, ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. भिंत दीडशे किलोच्या वर असणारच, म्हणजे लार्ज वर्ग. नंबर नाही, विमा नाही, आणि बसणाऱ्यांत मुक्ताई तर नक्की अठराच्या आतली. चांगदेवांनी हात जोडले म्हणून निभावलं. अर्ज जोडला असता तर प्रकरण अजून चालू असतं.

माझे स्वतःचे हातही काही स्वच्छ नाहीत. १९३४ च्या विमान कायद्यात विमान कशाला म्हणावं याची व्याख्या होती. हवेच्या आधारानं वर राहू शकणारं यंत्र ते विमान. त्यात फुगे येत, ग्लायडर येत आणि पतंगही येत. म्हणजे दर संक्रांतीला मी माळवदावरून विमानं उडवली, आणि शेजाऱ्यांची विमानं भर दिवसा मांज्यानं कापली. वर "ओऽ काट" म्हणून कबुलीही दिली. मोठा झाल्यावर मला मास्तर कसं केलं, कोण जाणे.

आता रीतसर उडवू म्हटलं, तर प्रमाणपत्राला वयाची अट अठरा ते पासष्ट. मला सदुसष्टावं चालू आहे. वर्षभरानं हुकलो.

ज्ञानूच्या आईला मात्र यातलं काही हसण्यासारखं वाटत नव्हतं. २०१७ साली यवतमाळकडे कपाशीवर फवारता फवारता विष अंगात जाऊन माणसं गेली, ते तिच्या मनातून जात नाही. आमच्याकडेही कपाशी छातीपर्यंत वाढते, पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरायचं, वारा फिरला की औषध तोंडावर. ज्ञानूचा बाप फवारून आला की ती त्याला आधी न्हाणीत पिटाळायची आणि त्याचे कपडे काडीनं उचलायची. ती काडी न्हाणीच्या कोपऱ्यात अजून उभी आहे. "बांधावर उभं राहून फवारता येत असन तर गहाण टाका काही, पण शिकवा याले," एवढंच ती बोलली. सरकारी फी शंभर रुपये होती. शिकवणीची किती, ते तिनं कुणाला सांगू दिलं नाही.

नाव जुळलं, शपथपत्र झालं, दहावी पास होताच. शिकवणीला गेला तर तिथं आधी कॉम्प्युटरवर खोटा ड्रोन, मग मैदानात खरा, आणि खांबांभोवती हवेत आठचा आकडा. "मोटरसायकलच्या लायसनले पण आठच काढला होता," ज्ञानू फोनवर म्हणाला. "पण तिथं पाय टेकता येत होता."

प्रमाणपत्र दहा वर्षांचं मिळालं. गावात पेढे वाटून झाल्यावर खरी परीक्षा शेजारच्या वावरवाल्यानं घेतली. ड्रोन म्हटला की आमच्या भागात माणूस आधी सावध होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेत, पोलिसांचा ड्रोन जाम नदीवर फिरतो, तोच डोळ्यांत असतो. "तुह्या औषधाचा फवारा माह्या चाऱ्यावर आला तं?" त्यानं विचारलं. या माणसासाठी एकाही फॉर्मात रकाना नव्हता. ज्ञानू संध्याकाळी त्याच्या घरी गेला, दोन कप चहा प्यायला, आणि त्याच्या धुऱ्याकडच्या चार ओळी हातपंपानं फवारायचं कबूल करून आला.

पहिल्या दिवशी पहाटेच निघालो, वारा पडलेला असतो म्हणून. भाड्याचा ड्रोन, दहा लिटरची टाकी. उडाला तेव्हा तुरीचे शेंडे असे दबले, जणू कुणी पाठीवरून हात फिरवतंय. पानं उलटी झाली, खालची पांढुरकी बाजू क्षणभर दिसली. ज्ञानूची आई विहिरीपाशी उभी राहून ड्रोनकडे नाही, पोराच्या कोरड्या शर्टाकडे बघत होती.

मला काम दिलं होतं नजर ठेवायचं. यंत्र नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं त्याला शिकवणीत बजावलं होतं, आणि बघण्याला वयाची अट नव्हती. वावराच्या टोकाला जाऊन ते उगवतीच्या उजेडात शिरलं. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय.

"काका, दिसते ना?" ज्ञानू ओरडला.

"दिसते, दिसते," मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं त्या ठिपक्यानं पंख हलवले.